दहा सूचक, एक शपथ

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून ४५६ उमेदवार रिंगणात होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष जावे म्हणून मराठी भाषकांनी घाऊक अर्ज भरले होते, आणि तिकडे आंध्रातल्या नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने गांजलेल्या लोकांनी हाच मार्ग धरून आकडा ४८० वर नेला होता. आमच्याकडे त्या निवडणुकीची आठवण आजही कौतुकाने काढली जाते. पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली, लोकसभेची ५०० रुपयांची अनामत एकदम १०,००० रुपये झाली, आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरत असताना बाकी सगळ्यांना मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून, म्हणजे उमेदवारी अर्जावर सही करणारे म्हणून, उभे करणे बंधनकारक झाले. आज ही अनामत लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,००० आहे, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मते पडली की ती जप्त होते. दिल्लीने आमचे गाऱ्हाणे ऐकले नाहीच, उलट दार आणखी घट्ट लावून घेतले.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे की निपाणी, चिकोडी भागातली काही शिकलेली तरुण मुले अलीकडे मला वारंवार विचारतात, की सरकारने शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या आणि भाषेच्या वाटेत कमीत कमी यावे, असे मानणाऱ्यांचा, म्हणजे स्वतंत्रतावाद्यांचा, एखादा पक्ष आपण सीमाभागात का काढू नये? काँग्रेस आणि भाजप या दोघांनाही कंटाळलेले लोक आहेत, सीमाभागातल्या महाराष्ट्र एकीकरण समितीला कंटाळलेलेही आहेत, मग तिसरी वाट का नको? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता द्यावे असे वाटते.

आधी त्या दहा सूचकांविषयी सांगतो, कारण ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक मित्र विधानसभेला अपक्ष उभा राहिला. पैसा नाही, जातीचे पाठबळ नाही, विचार मात्र स्पष्ट. दहा सूचक म्हणजे काय मोठेसे, गावात आपल्याला ओळखणारी शंभर माणसे आहेत, असे आम्ही धरून चाललो होतो. अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री त्यातल्या दोघांनी निरोप पाठवले. एकाच्या मुलाला रस्त्याच्या कामाचे उपकंत्राट मिळायचे होते. दुसऱ्या गृहस्थांचे चार एकर ऊस उभे होते आणि ते सरळच म्हणाले, "तुमचं सगळं पटतं हो, पण माझी तोड लांबवली तर ऊस कुठं नेऊ?" कारखाना एकच होता आणि त्याच्या संचालकांचे हितसंबंध कोणत्या उमेदवारात गुंतले आहेत, हे पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक होते. त्या गृहस्थांना कोणी धमकावले होते असे मी म्हणणार नाही. धमकावण्याची गरजच नव्हती, हेच तर दुखणे आहे. आम्ही रात्री अकरा वाजता दुसरे दोघे शोधले, अर्ज भरला, आणि निकालाच्या दिवशी अनामत घालवून घरी आलो.

ऊस कुठे नेऊ, या प्रश्नाचे मूळ कायद्यात आहे. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशानुसार दोन साखर कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतर राखावे लागते, आणि पलीकडे महाराष्ट्रात तेच अंतर २५ किलोमीटर आहे. साखर उद्योगावरील नियंत्रणांचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीने २०१२ मध्येच ही अंतराची अट आणि एकेका कारखान्यासाठी ऊसक्षेत्र राखून ठेवण्याची पद्धत हळूहळू काढून टाकावी, अशी शिफारस केली होती. अट अजून आहे. जिथे माणसाचे वर्षभराचे उत्पन्न एका परवानाधारकाच्या तोडीच्या वेळापत्रकावर टांगलेले असते, तिथे तो तिसऱ्या पक्षाच्या कागदावर सही कशी करील? राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, 'परमिट-लायसन्स राज' हा शब्द वापरला तेव्हा त्यांच्या मनात उद्योगपतींचेच परवाने असतील असे पुष्कळांना वाटते. मला त्या शब्दाचा अर्थ त्या रात्री अकरा वाजता कळला.

आता शपथेकडे वळतो. पक्ष नोंदवायचा तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९-अ लागू होते. १९८९ पासून लागू झालेल्या या कलमानुसार प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत असे लिहून द्यावे लागते की, तो भारतीय राज्यघटनेशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा बाळगील. लोकशाहीविषयी वाद नाही, धर्मनिरपेक्षतेविषयीही माझा वाद नाही. परंतु ज्याचा समाजवादाला तत्त्वतः विरोध आहे, त्याने राजकारणात पहिले पाऊल खोट्या शपथेने टाकावे, अशी ही व्यवस्था आहे. राजगोपालाचारी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला तो नेहरूंच्या समाजवादाला आणि सहकारी शेतीच्या ठरावाला विरोध म्हणून. १९६७ मध्ये त्या पक्षाचे ४४ खासदार निवडून आले होते. तोच पक्ष आज नोंदणीला गेला तर खोटे लिहून दिल्याशिवाय त्याचा अर्ज पुढे सरकणार नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी २००४ ते २०१० या काळात राज्यसभेत होते, तेव्हा त्यांनी ही अट काढावी म्हणून खासगी विधेयक आणले होते. त्याचे पुढे काही झाले नाही. विमानतळ विकणारे पक्षही समाजवादाच्या कागदावर सही करून मोकळे होतात, मग तुम्हीच कशाला एवढे मनाला लावून घेता, असे मला एका वकील मित्राने विचारले होते. त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून असेल, पण ज्याच्याकडे विचाराखेरीज दुसरे भांडवल नाही, त्याने तेच पहिल्या दिवशी गहाण टाकले तर पुढे काय विकायचे?

सूचक आणि शपथ या दोन्ही अडचणी ओलांडता येतात. ओलांडता येत नाही ते मतांचे गणित, आणि ते आम्हा सीमाभागातल्या लोकांना कोणी शिकवायला नको. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराने १ लाख १७ हजारांवर मते घेतली; भाजपच्या विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते ५,२४० मतांचे. सव्वा लाखाच्या आसपास माणसे मतदानाला गेली, त्यांच्या पदरात काहीही पडले नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस चर्चा एवढीच चालली, की या मतांनी कोणाचा खेळ बिघडवला. समितीच्या मतदाराला स्वतःचे मत असते, हे गृहीतच धरायचे नाही, अशी आपल्या राजकीय चर्चेची रीत पडली आहे. जो पहिला येईल तोच सगळे घेऊन जाईल, या पद्धतीत तिसऱ्याला दिलेले मत 'वाया' जाते, आणि हे मतदाराला कळत असल्यामुळे तो ते देतच नाही.

आमच्या मित्राच्या निवडणुकीनंतर दोनेक वर्षांनी आमच्या वडिलांनी मला सहज सांगून टाकले, की त्यांनी मत त्याला दिले नव्हते. मी गप्प बसलो. ते म्हणाले, "पोरगा चांगला होता रे. पण तो काय येणार नव्हता, आणि तो दुसरा येऊ नये असं मला वाटत होतं." मला राग आला असता, पण हे वडील १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीच्या तंबाखू आंदोलनात पुणे-बंगळूर महामार्गावर रात्री काढलेले आहेत. मी तेव्हा शाळेत होतो आणि आई त्यांच्यासाठी भाकऱ्या बांधून पाठवत असे. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले, आणि त्या दिवसाविषयी वडील आजही जास्त बोलत नाहीत. महामार्गावर बसायला जो माणूस भ्याला नाही, तो मतदान यंत्रापुढे असा हिशेबी का होतो, या विचाराने मी पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. उत्तर इतकेच आहे, की महामार्गावर हजारो माणसे एकाच ठिकाणी बसलेली त्यांना डोळ्यांनी दिसत होती. मतदानाच्या खोलीत ते एकटे होते.

मुद्दा इथेच आहे. आपली निवडणूक पद्धत एका जागी साठलेल्या गटाला बक्षीस देते आणि विखुरलेल्या विचाराला शिक्षा करते. स्वतंत्र पक्ष वाढला तो गुजरात, राजस्थान, ओरिसा इथे, जिथे संस्थानिकांचे आणि मोठ्या शेतकऱ्यांचे तयार गट त्याच्यापाशी आले. ओरिसात तर १९६७ मध्ये सिंग देव हे त्याचे मुख्यमंत्री झाले. १९७१ च्या इंदिरा गांधींच्या लाटेत ते गट उडाले आणि पक्ष ८ जागांवर आला. शरद जोशींनी गट उभे केले ते पिकाभोवती, म्हणजे चाकण-नाशिककडे कांदा आणि ऊस, आमच्याकडे तंबाखू, आणि म्हणून आंदोलने जबरदस्त झाली. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा मात्र 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत रस्त्यावर आलेला शेतकरी मतदानाच्या दिवशी आपापल्या जुन्या पक्षाकडे परत गेला. माझ्या मते यात जोशींचीही एक चूक होती. आंदोलन एका पिकाच्या एका प्रश्नावर चालते, पक्षाला मात्र पाणी, शाळा, जात, देऊळ या सगळ्यांवर बोलावे लागते, आणि तिथे खुल्या बाजाराचे तत्त्व सांगून कोणाचे पोट भरत नाही.

समितीपाशी तर भाषेचा गट आहे, तोही एका जागी साठलेला. तरीही २०१३ मध्ये दोन आमदार, २०१८ मध्ये शून्य, २०२३ मध्ये शून्य. दुफळीचा दोष आहेच, पण त्याशिवाय आणखी एक गोष्ट घडली आहे, जिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. बेळगाव महापालिकेची निवडणूक पूर्वी पक्षचिन्हांवर होत नसे, मराठी गट आणि कन्नड गट अशी ती लढत असे. २०२१ मध्ये चिन्हे आली आणि ५८ पैकी ३५ जागा एकट्या भाजपने घेतल्या. गट तोच, वस्ती तीच, केवळ यंत्रावर एक ओळखीचे चिन्ह आले.

परदेशातले अनुभवही हेच सांगतात. अमेरिकेत लिबर्टेरियन, म्हणजे स्वतंत्रतावादी, पक्ष १९७१ पासून आहे. २०१६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याच्या गॅरी जॉन्सन यांना ४४ लाखांहून जास्त, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात एकही मत मिळाले नाही. त्या मंडळातले एकमेव मत या पक्षाला १९७२ मध्ये मिळाले आहे, तेही रिपब्लिकन पक्षाचा एक निर्वाचक फुटला म्हणून! उलट न्यूझीलंडमध्ये मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, तिथे याच विचाराच्या जवळचा ॲक्ट पक्ष २०२३ मध्ये साडेआठ टक्क्यांवर ११ जागा घेऊन सरकारात बसला. अर्जेंटिनात त्याच वर्षी याच विचाराचे मिलेई अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत सुमारे ३० टक्क्यांवर दुसरे होते. दुसरी फेरी होती म्हणून ते अध्यक्ष झाले. आपल्या पद्धतीने मोजणी झाली असती तर त्यांची गणना आज 'मते खाणाऱ्यांत' झाली असती. (त्यांचा कारभार कसा आहे, हा वेगळा विषय, आणि मी त्यांचा भक्त नाही.)

स्वतंत्रतावाद्याची आणखी एक अडचण आहे, ती निवडणूक कायद्यात नाही, त्याच्या स्वतःच्या विचारातच आहे. कर्नाटकने २०२४ मध्ये दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले, तेव्हा आपण सर्वांनी संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता, कारण माझ्या दुकानाची पाटी कोणत्या भाषेत असावी हे मी आणि माझे गिऱ्हाईक ठरवू. पण मग महाराष्ट्राने २०२२ मध्ये सगळ्या दुकानांवर मराठी पाटी सक्तीची केली, तिचे आपण स्वागत कसे केले? मी एका बैठकीत दोन्ही कायदे चुकीचे आहेत असे म्हणालो आणि दहा मिनिटांत माझ्याभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. भाषेच्या राजकारणाला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंना सक्ती हवी असते, फक्त आपल्या भाषेची. दोन्ही सक्तींना नको म्हणणाऱ्याला दोन्हीकडची मते गमवावी लागतात, आणि हे पुढेही असेच राहणार आहे, असे समजूनच या कामात उतरावे.

म्हणून तरुणांना माझे म्हणणे असे आहे, की सध्या पक्ष काढू नका. चिन्ह, झेंडा, लेटरहेड यात दोन वर्षे जातील आणि हाती जप्त अनामत येईल. कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. आपल्यासारख्यांना उरलेले ते एकच सपाट मैदान आहे. तिथे उभे राहा, आणि त्याच्या जोडीला एकच प्रश्न धरा, कारखान्यांच्या अंतराचा. तो मराठी शेतकऱ्याचा आहे तसाच कन्नड शेतकऱ्याचाही आहे, तो पिकाभोवती माणसे एका जागी आणतो, आणि तो सुटला तर उद्या सूचक म्हणून सही करताना कोणाला तोडीची भीती राहणार नाही. पक्षाचा विचार तेव्हा करू.

आम्ही गेल्या महिन्यापासून तीन गावांत यासाठी छोट्या बैठका घेत आहोत. परवाच्या बैठकीला वीसेक माणसे होती, आणि त्यांत त्या रात्री सही मागे घेणारे ते ऊसवाले गृहस्थही होते. शेवटी ते जवळ आले आणि १५ किलोमीटरचा नियम नेमका कोणत्या कागदावर लिहिला आहे तो दाखवा, म्हणाले. त्यांना त्या आदेशाची प्रत मी दुसऱ्या दिवशी काढून दिली आहे.