बादशहाच्या छातीवरचं जनावर

दिवाळीच्या चार दिवस आधी आईनं आजीचा पितळी डबा माझ्यापुढे ठेवला. "लक्ष्मीपूजनाचे रुपये काळेठिक्कर पडलेत. चिंच भिजत घातलीये, घासून ठेव." आमच्या घरात माझ्यावर विश्वासानं सोपवलं जाणारं हे वर्षातलं एकमेव आर्थिक काम.

डब्यात सात नाणी. दोन राणीछाप, एक टकलू एडवर्ड (बिचाऱ्याला मुकुटही दिला नव्हता), दोन पंचम जॉर्ज, 1944 सालचा एक सहावा जॉर्ज आणि 1947चा एक वाघवाला. वाघवाला सगळ्यांत चकचकीत, म्हणून आजीचा लाडका. पाटावर दरवर्षी मधोमध तोच.

"बाबा, चांदीला लोहचुंबक चिकटत नाही," लेक म्हणाली आणि फ्रिजवरचा चुंबकवाला हापूस आंबा घेऊन आली. वाघ टणकन आंब्याला चिकटला. निकेल! तीन पिढ्या आम्ही निकेलला हळदकुंकू वाहत होतो. आईनं नापास केलं ते आंब्याला.

मग वाजवून पाहायचं ठरलं. आजोबा अंगठ्याच्या नखावर रुपया उडवायचे. खणखणला तर खिशात, बद्द वाजला तर गिऱ्हाइकाला परत. मी उडवलेला सहावा जॉर्ज कुठलाही आवाज न करता कपाटाखाली गेला. काठीनं ओढल्यावर त्याच्यासोबत एक मोजा आणि 2016 साली बाद झालेली पाचशेची नोट निघाली. त्या नोटेवरून आमच्यात जे बोलणं झालं, ते इथे नको.

उरलेली नाणी मी चिंच आणि रांगोळी लावून, जुन्या टूथब्रशनं जीव तोडून घासली. आरशासारखी झाली. कौतुकाच्या अपेक्षेनं फोटो नाण्यांचा नाद असलेल्या एका मित्राला पाठवला. त्याचा लगेच फोन.

"पंचम जॉर्ज, साल 1911? अरे, डुक्कर बघ, डुक्कर!"

भानगड अशी. बादशहाच्या झग्यावर मानाची साखळी, साखळीत हत्ती. पण 1911च्या रुपयावर त्या हत्तीची सोंड इतकी आखूड निघाली, की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू नाराज, मुसलमान नाराज. असं एकमत या देशात क्वचितच होतं. सरकारनं ते रुपये मागे घेऊन वितळवले आणि 1912 साली नीट सोंडेचा हत्ती काढला. भट्टीतून सुटलेल्या डुकरांना म्हणून भाव.

"फक्त घासू नकोस," मित्र म्हणाला. "तो काळा थर हवा असतो घेणाऱ्याला."

मी गप्प. तोही गप्प. मग त्यानं फोन ठेवला.

भिंग आलं. बायको म्हणाली, हत्ती. लेक म्हणाली, डुक्कर. मला नुसता टेंगूळ दिसत होता. स्वयंपाकघरातून आई आली. "लक्ष्मीच्या पाटावर डुक्कर? इतकी वर्षं?"

"आजी, वराह अवतार," लेक म्हणाली. "म्हणजे लक्ष्मीचे मिस्टरच."

आईला उत्तर सुचलं नाही, ही त्या दिवाळीतली खरी आतषबाजी.

दुसऱ्या दिवशी सराफाकडे गेलो. त्यानं 1944चा रुपया बाजूला सारला. "चाळीसपासून निम्मीच चांदी. बाकी तांबं, निकेल, जस्त. याचे अर्धे धरीन." डुक्कर काट्यावर ठेवलं. असा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे तोळ्याचा. काट्यावर 11.2.

"अर्धा ग्रॅम कुठे गेला हो?"

"दिवाळ्यांत," तो म्हणाला. "दरवर्षी रांगोळीनं घासता ना?"

म्हणजे तो हत्ती होता की डुक्कर, याचा पुरावा आजी, आई आणि मी मिळून मोरीत वाहवला होता. सराफानं भाव सांगितला तो चांदीचा. जनावराचे त्यानं काहीच धरले नाहीत. मी सातही नाणी घेऊन घरी आलो.

लक्ष्मीपूजनाला आईनं निकेलचा वाघच मधोमध ठेवला. 1911चा रुपया मात्र तिनं हातात घेतला, चष्मा वर केला, डोळे बारीक करून बघितलं आणि ओल्या कुंकवाचं बोट बरोबर बादशहाच्या छातीवर दाबलं. चांगलं जाड.