‘चॅलेंज व्होट’चा तो मेसेज चुकीचा आहे

गावच्या ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड फिरतोय: यादीत नाव नसलं तरी आधार दाखवा, ‘चॅलेंज व्होट’ मागा, मतदान करू देतात. नाही देत. मतदार यादीत नाव नसेल तर कुठलंही ओळखपत्र चालत नाही.

विधानसभा-लोकसभेला ‘चॅलेंज’ असतं ते मतदाराच्या ओळखीला. समोरच्या पार्टीचा पोलिंग एजंट 2 रुपये भरून ‘हा तो माणूस नाहीच’ म्हणतो, ते. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर मिळतं ते प्रदत्त मत. तेही मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर. त्यालाही यादीत नाव लागतंच.

ग्रामपंचायतीची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. प्रारूप यादी लागली की चावडीवर जाऊन बघा. घर 2 नंबर प्रभागात आणि नाव 3 मध्ये, असले घोळ तेव्हाच हरकत घेऊन सुटतात. नवीन नाव मात्र तिथे घालत नाहीत. त्यासाठी आधीच बीएलओकडे (आपल्या बूथची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी) नमुना 6 चा अर्ज भरायचा. (आपल्याकडे बहुतेक शाळेतले गुरुजीच बीएलओ असतात, विचारायला लाजू नका.) चौकशीला 1950 नंबर आहे.