वाघ लहान करणारी आजी आणि ‘मूळ कथे’चा आग्रह

पोळा जवळ आला की आमच्या नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लोककथा आणि दैवतकथा हजारो वर्षं शब्दन् शब्द तशाच चालत आल्या. छापलेली आहे तीच मूळ कथा. परदेशी लोकांनी आपापल्या कथा शुद्ध जपल्या, आपले आजचे कथाकार मात्र त्या नव्यानं सांगून परंपरा बुडवतायत. म्हणून एक प्रमाण प्रत ठरवा, बाकीच्या बंद करा.

मेसेज पाठवणाऱ्यांत माझे काका आहेत, शेजारी आहेत. त्यांची तळमळ खरी आहे, आणि म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं. हे ऐकलं तर ज्या कथा वाचवायला निघालो त्याच मुक्या होतील.

आधी ‘शब्दन् शब्द’. इथे लगेच वेदांचा दाखला देतात. दाखला खरा आहे. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशी पदं उलटसुलट घोकण्याची व्यवस्था मुद्दाम उभी केली, म्हणून अक्षर हललं नाही. त्यासाठी गुरू लागला, वर्षांची घोकंपट्टी लागली, चूक पकडणारा कान लागला. चुलीपुढे बसून गोष्ट सांगणाऱ्या बाईमागे यातलं काहीच नव्हतं, आणि तिला ते नकोही होतं. माझी आजी भंडाऱ्याकडची. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट तिच्याकडून मी किती वेळा ऐकली असेन! कधी त्यातला वाघ गोठ्याएवढा, कधी बोकडाएवढा. एकदा मी अडवलं तर म्हणाली, “काल हे पोट्टी रडत होती ना, म्हून वाघ लहान केला.” तरी कुणी विचारलं असतं तर तिनं शपथेवर सांगितलं असतं की मायनं सांगितली तशीच सांगते. यात लबाडी नाही. मिलमन पॅरी या अमेरिकी अभ्यासकानं १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या गायकांची दीर्घ वीरगीतं ध्वनिमुद्रित केली, आणि त्याचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड यानं ते काम पुढे नेलं. तिथेही गायक म्हणत, ऐकलं ते शब्दन् शब्द गातो. ध्वनिमुद्रणं ताडून पाहिली तर ओळी वेगळ्या निघत, कथा तीच. ‘तेच’ या शब्दाचा सांगणाऱ्याचा अर्थ आणि छापखान्याचा अर्थ एक नाही, इतकंच.

‘छापील तीच मूळ’ हा मुद्दा तर निदान नागपूरकरानं मांडू नये. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं लिंगोचं, म्हणजे गोंडांच्या आद्य धर्मपुरुषाचं, गीत एका परधानाकडून उतरवून घेतलं. परधान म्हणजे गोंडांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या गाणारे. हिस्लॉप १८६३ साली बुडून वारले, आणि रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ मध्ये छापले. त्या गीतात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो, आणि लिंगो बिंदो पक्ष्याची पिल्लं आणून देतो तेव्हा त्यांची सुटका होते. आता माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात कचारगडच्या यात्रेला जा. तिथे ऐकाल की गुहेच्या तोंडची धोंड हलली ती हिरासुका पाटालीरच्या वाद्याच्या सुरांनी आणि आतल्या पोरांच्या रेट्यानं, आणि तीच धोंड अंगावर येऊन हिरासुका गेला. एकीकडे पक्षी, दुसरीकडे सूर. यातलं खोटं कोणतं ठरवणार? १८६६ चं पुस्तक म्हणजे एका गायकानं एका माणसासमोर गायलेलं एक गाणं. ते अनमोल आहे. पण त्यानंतरही लोक गातच राहिले, आणि त्यांना ‘तुमची कथा चुकली’ असं पुस्तक दाखवून सांगणं मला क्रूर वाटतं.

परदेशी लोकांनी शुद्ध जपल्या म्हणता? ग्रिम बंधूंच्या जर्मन लोककथांचा पहिला खंड १८१२ चा. त्यात हिमगौरीचा जीव घ्यायला निघते ती तिची सख्खी आई. पुढच्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली, कारण सख्खी आई असं करते हे संपादकांना सोसलं नाही. शेवटची आवृत्ती १८५७ ची, तोवर भाषा घासूनपुसून घेणं चालूच होतं. फिनलंडचं ‘कालेवाला’ एलियास ल्योनरोट यांनी खेड्यापाड्यांतली गाणी गोळा करून, जोडून, मध्ये स्वतःच्या ओळी घालून १८३५ मध्ये उभं केलं आणि १८४९ मध्ये जवळजवळ दुप्पट वाढवलं.

‘नव्यानं सांगणं म्हणजे परंपरा बुडवणं’ याला उत्तर नागपुरातल्या इतवारीत मिळेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा गावाबाहेर नेणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, मिरवत निघते, पूतनेची कथा तीत असतेच, आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हा घोषही जुनाच. पण सोबत निघणारे बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे, दरवर्षी नवे. यंदा जे छळतंय त्याचा यंदाचा बडग्या. काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगतात, आणि ती इतकी टिकली ती बडगे बदलत राहिले म्हणूनच, असं माझं ठाम मत आहे.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला पटते, राग यावा इतकी. मुलांसाठी ठेवलेल्या एका कार्यक्रमात मी लिंगोची कथा ऐकली. गोंड हा शब्द नाही, परधानाचा उल्लेख नाही, लिंगोचं नावही नाही. नुसता ‘जंगलातला राजकुमार’. ज्या शहराचा पाया देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं घातला, त्या शहरात! याला नव्यानं सांगणं म्हणत नाहीत. वाघ लहानमोठा करा, पण कथा कुणाची ते सांगा, कुणाकडून ऐकली ते सांगा, आणि आपण काय बदललं तेही सांगा.

उरली प्रमाण प्रत. ती ठरवण्यापेक्षा एकच गोष्ट तीन घरी ऐका आणि तिन्ही फोनवर रेकॉर्ड करा, खोकल्यासकट, मध्येच ‘दूध उतू गेलं’ म्हणून उठण्यासकट. माझ्या आजीचं असं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. गोष्ट आहे. भाचीला सांगतो तेव्हा ती रडत नाही, उलट वाघ आणखी मोठा कर म्हणते, आणि मी करतो.