बुधवार महिन्यातून एकदा नको

परवा आमच्या रनिंग ग्रुपवर एक प्रस्ताव आला. बुधवारचं काम दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा करू या, कारण डिसेंबरची मॅरेथॉन जवळ येतेय आणि ट्रेनिंग मागे पडतंय. एकवीसपैकी नऊ जणांनी तासाभरात होकार कळवला. मी काहीच लिहिलं नाही, कारण चार ओळींत लिहिण्यासारखं ते नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ज्यांना आमचा बुधवार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पहाटे साडेपाचला आम्ही पुण्यात लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने वेताळ टेकडीच्या पायथ्याशी जमतो. तिथून तीन-चार किलोमीटर धावत कामाच्या जागी जायचं, पाऊण तास काम करायचं आणि धावत परत यायचं. काम म्हणजे कधी टेकडीवर पाणी घालणं, कधी एखाद्या बालवाडीचं अंगण साफ करणं, कधी कोणाचं जड कपाट हलवून देणं. आठच्या आत सगळे घरी पोचतात, डबे भरतात, ऑफिसला जातात.

ही कल्पना आमची नाही. लंडनमध्ये २००९ साली आयव्हो गॉर्मली नावाच्या माणसाने 'गुडजिम' सुरू केलं. बंद खोलीत यंत्रावर माणसं एवढी ताकद खर्च करतात, ती कोणाच्या तरी उपयोगी का पडू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता. तिथले लोक धावत जाऊन संस्थांची कामं करतात आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना भेटायलाही धावतच जातात. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, ज्या आजी-आजोबांकडे नेमाने जायचं त्यांना ते 'कोच' म्हणतात. कोणीतरी वाट बघत बसलंय म्हणून तुम्ही अंथरुणातून उठता, म्हणजे तुम्हाला पळवणारे तेच झाले. मदत घेणाऱ्याला इतका मान देणारा शब्द मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

पण आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. आपल्या टेकड्यांच्या पायथ्याने जो रस्ता जातो तो ज्यांच्या नावाचा आहे, ते सेनापती बापट हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडत. श्रमदान हा शब्द आमच्या आईवडिलांच्या पिढीला समजावून सांगावा लागत नव्हता. फक्त त्याला पळण्याची जोड आपण दिली नव्हती.

आता मूळ मुद्दा. महिन्यातून एकदा का नको?

चार वर्षांपूर्वी आम्ही काम सुरू केलं ते झाडं लावण्यापासून. जुलैचा महिना, छान भुरभुर पाऊस, साठ रोपं. टी-शर्ट एकसारखे होते, फोटो सुंदर आले. एप्रिलमध्ये मी एकटी लाँग रनला त्या बाजूने गेले तेव्हा चार रोपं जिवंत होती. छप्पन्न काड्या उभ्या होत्या. पुण्यात बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्यानंतरचे आठ महिने त्या रोपांनी मुरमाड जमिनीत काय प्यायचं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. त्या सकाळी मला फार वाईट वाटलं, आणि ते अजूनही पूर्ण गेलेलं नाही.

तिथेच एक काका भेटले. सत्तरीच्या पुढचे, दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन. ते आणि त्यांचे सोबती कितीतरी वर्षं असं पाणी वर नेतायत. मी त्यांना आमच्या रोपांबद्दल सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, जुलैत लावायला पन्नास जण येतात. एप्रिलात पाणी घालायला कोण येणार, तेवढं आधी ठरवत जा."

त्यांनी आणखी बरंच शिकवलं. टेकडीवर गिरिपुष्प हे बाहेरून आलेलं झाड किती माजलंय आणि त्याच्याखाली दुसरं काही सहज का वाढत नाही ते दाखवलं. सालई, गणेर, मेडशिंगी ही इथली झाडं ओळखायला शिकवली. गणेर उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकून नुसत्या पिवळ्या फुलांनी उभा राहतो, तो मी इतकी वर्षं शेजारून पळत जाऊनही पाहिला नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मोकळा दिसणारा प्रत्येक माळ झाडांनी भरायचा नसतो. गवताळ जागेवरही पक्ष्यांची, किड्यांची घरं असतात. वनखात्याला न विचारता आपल्या मनाने रोपं खोचत सुटणं ही टेकडीची सेवा नाही.

तेव्हापासून आम्ही एकही रोप लावलेलं नाही. काकांच्या गटाने लावलेल्या रोपांपैकी चाळीस आमच्या वाट्याला आली आहेत. नोव्हेंबरपासून पाऊस येईपर्यंत दर बुधवारी प्रत्येकाला पाच लिटर. आळ्यात वाळकं गवत पसरून ठेवायचं, म्हणजे ओल टिकते. कॅन घेऊन पळायचं नाही, चालत चढायचं, गुडघे जपायचे. गेल्या मे महिन्यात चाळीसपैकी छत्तीस उभी होती. महिन्यातून एकदा गेलो असतो तर किती राहिली असती, याचं उत्तर त्या छप्पन्न काड्यांनी आधीच दिलंय.

कचऱ्याचंही तसंच. पळताना कचरा उचलायचा, याला प्लॉगिंग म्हणतात. ही पद्धत २०१६ च्या सुमारास स्वीडनमध्ये सुरू झाली आणि पुण्यातही चांगली रुजली. पहिल्या वेळी आम्ही अकरा गोण्या भरल्या आणि कोपऱ्यावर ठेवून निघून आलो. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी त्या फाडल्या होत्या आणि सगळं पुन्हा रस्त्यावर. त्या भागात कचरा गोळा करणाऱ्या ताईंनी ते परत भरलं. त्यांनी आम्हाला शांतपणे सांगितलं की काच वेगळी बांधा, ओलं-सुकं एकत्र करू नका, आणि त्यांच्या यायच्या वेळेला आणून द्या. या शहरात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून उभी आहे. कचऱ्याचं ज्ञान त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे फक्त सकाळचा पाऊण तास आणि धट्टेकट्टे हातपाय आहेत. तेव्हा काम कुठलं आणि कसं करायचं हे त्यांनी सांगावं, आम्ही ऐकावं. हा क्रम उलटा झाला की आपण मदतीच्या नावाखाली दुसऱ्याचं काम वाढवतो.

आणि आजी. खरं तर मला त्यांच्याबद्दलच लिहायचं होतं.

नारायण पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगा-सून परदेशात. सुरुवातीला आम्ही फक्त रद्दी खाली आणून द्यायला गेलो होतो. मग एकदा बल्ब बदलला, एकदा गॅसचं सिलिंडर वर नेलं. आता दर बुधवारी दोघं जण लकडी पूल ओलांडून त्यांच्याकडे जातात. भाजी आणि औषधं नेतात, कचरा खाली आणतात आणि वीस मिनिटं बसतात. त्या पानशेतचं धरण फुटून आलेल्या पुराबद्दल सांगतात. १२ जुलै १९६१ ला त्या बारा वर्षांच्या होत्या. वडिलांनी धाकट्या भावाला खांद्यावर घेतलं आणि आजींच्या हातात देवांचा डबा दिला. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि शेजारची अनोळखी माणसं तो उपसत होती. "कोण होती, शेवटपर्यंत कळलं नाही," असं त्या प्रत्येक वेळी म्हणतात.

मागच्या पावसाळ्यात एका बुधवारी इतका पाऊस होता की आम्ही रन रद्द केला आणि आजींना कळवायचं राहून गेलं. मी संध्याकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही गं. मी दार उघडंच ठेवलं होतं नऊपर्यंत." मी फोन ठेवून बराच वेळ तशीच बसले होते. ज्याला आपण आपली सोय म्हणतो, ती दुसऱ्याच्या आठवड्याची खूण झालेली असते. ती खूण महिन्यावर न्यायचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटत नाही.

ट्रेनिंगचं म्हणाल तर, मी स्वतः मॅरेथॉन पळणार आहे. ४२.१९५ किलोमीटरचा मला पुरेसा आदर आहे. पण कुठल्याही कोचला विचारा, आठवड्यातले बहुतेक रन बोलता येईल इतक्या सावकाश पेसने करायचे असतात. बुधवार हा तसाच दिवस आहे. शिवाय आपण रनर वर्षानुवर्षं सरळ रेषेत एकच हालचाल करतो. उकिडवं बसून गवत काढणं, घमेलं उचलून वळणं, कॅन घेऊन चढणं यात पाठ, खांदे, मांड्या सगळ्यांना काम मिळतं. ग्रुपमधल्या ज्यांच्या कमरेच्या तक्रारी कमी झाल्या त्यांनी स्वतःच हे सांगितलंय. आणि ज्यांचा पेस मागे पडतो, ज्या नवीन मुली रविवारच्या लाँग रनला बिचकतात, त्या बुधवारी सगळ्यांच्या बरोबरीने असतात. फावडं हातात आलं की कोणाचं टायमिंग किती, हे कोणी विचारत नाही. आमच्या तीन चांगल्या रनर अशा बुधवारातूनच आल्या.

ज्यांना डिसेंबरपर्यंत खरंच जमणार नाही त्यांनी खुशाल सुट्टी घ्यावी, त्यात काही गैर नाही. एकवीसपैकी सहा जण आले तरी काम होतं. पण बुधवार चालू राहू दे.

या बुधवारी पाणी घालायला चौघं हवेत. आजींच्या माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढायची आहे, त्यासाठी दोघं उंच आणि दणकट. रिकामे कॅन माझ्याकडे सहा आहेत, बाकीचे आपापले आणा. साडेपाच, नेहमीच्या जागी.