सूत्रं तोंडपाठ, अवयव मात्र अर्धवट

बीजगणितात अवयव शिकवताना विस्तारसूत्रं, म्हणजे (अ + ब)² = अ² + २अब + ब² सारखी सूत्रं, घोकून घ्यायची आणि लगेच सरावसंच पुढ्यात टाकायचा, ही पद्धत आता बंद करा! त्यातून काय निपजतं ते वह्यांमध्ये दिसतंच. ४क्ष² + १३क्ष + ९ चे अवयव पाडायला सांगा, निम्मी मुलं (२क्ष + ३)² लिहून मोकळी. पहिलं पद वर्ग, शेवटचं पद वर्ग, झालं काम. अरे, मधलं पद कोण बघणार? २ × २क्ष × ३ म्हणजे १२क्ष. इथे १३क्ष आहे, म्हणजे हे सूत्र इथे लागूच होत नाही. ४ × ९ = ३६, त्याचे बेरीज १३ येणारे अवयव ४ आणि ९ घ्या: ४क्ष² + ४क्ष + ९क्ष + ९, म्हणजे (क्ष + १)(४क्ष + ९). ताळ्यासाठी क्ष = १ ठेवा. मूळ राशी २६, (२क्ष + ३)² मात्र २५. चूक तिथल्या तिथे सापडते. पण ताळा करायला शिकवतंय कोण? ‘वेळ नाही’ म्हणे!

सामाईक अवयवाची तर कुणाला आठवणच नसते. ५४म³ − २५०न³ दिसलं की ‘५४ चं घनमूळ निघत नाही’ म्हणून गणित सोडून द्यायचं. आधी २ बाहेर काढा ना! आत २७म³ − १२५न³ उरतं आणि उत्तर २(३म − ५न)(९म² + १५मन + २५न²). इथेही मधे ३०मन लिहिणारे असतातच, कारण वर्गाच्या सूत्रातला दोन हाताला चिकटलेला असतो. अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²) या सूत्रातला अ² + अब + ब² हा पूर्ण वर्ग नाही, हे एकदा गुणाकार करून दाखवलं असतं तर ही वेळ आली नसती.

क्ष⁴ − १६ मध्ये (क्ष² + ४)(क्ष² − ४) वर थांबतात, पुढचे (क्ष + २)(क्ष − २) राहूनच जातात. क्ष⁶ − य⁶ ची तर दैनाच. घनांची वजाबाकी आधी केली की (क्ष² − य²)(क्ष⁴ + क्ष²य² + य⁴) येतं, आणि त्या दुसऱ्या कंसाचेही अवयव पडतात हे कुणाला सुचत नाही. तिथे क्ष²य² मिळवून वजा करावा लागतो, तेव्हा कुठे (क्ष² + य²)² − (क्षय)² दिसतं. त्यापेक्षा आधी वर्गांची वजाबाकी करा: (क्ष³ + य³)(क्ष³ − य³), आणि चारही अवयव सरळ हातात.

पण हे सुचणार कसं? एका मथळ्याखाली एकाच सूत्राची बारा गणितं! सूत्र कोणतं हे मथळाच सांगतो, मग ओळखायची सवय लागणार कुठून? परीक्षेत मथळा नसतो. सगळ्या प्रकारची गणितं सरमिसळ करून फळ्यावर लिहा, त्यात सूत्र न लागणारी दोन-तीन मुद्दाम घाला, आणि आधी फक्त विचारा: सामाईक काय, पदं किती, सूत्र कोणतं आणि का. सोडवायला नंतर लावा.