पूर्णपणे 'अनप्लग्ड' म्हणता येणार नाही, पण...

'निर्वाणा' या अमेरिकी रॉक बँडने एमटीव्ही चॅनेलच्या 'अनप्लग्ड' (म्हणजे विजेच्या वाद्यांशिवायच्या) कार्यक्रमात वाजवलेल्या न्यूयॉर्क अनप्लग्ड अल्बमबद्दल एका लेखात 'विजेशिवायचं, शुद्ध ध्वनिक वादन' असं म्हटलंय. तेवढं मात्र पटलं नाही. बँडचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेनची मार्टिन कंपनीची गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली होती, आणि तो अ‍ॅम्प मंचावर मॉनिटर स्पीकरच्या खोक्यासारखा दिसेल असा दडवला होता. त्यांनी गायलेल्या डेव्हिड बोवीच्या गाण्यात तो आवाज सरळ ओळखू येतो. अर्थात यामुळे काही बिघडत नाही. उलट मला ती चोरी आवडते!

खरी कमाल गाण्यांच्या निवडीत आहे. १८ नोव्हेंबर १९९३ ला ध्वनिमुद्रण झालं तेव्हा बँड प्रसिद्धीच्या शिखरावर होता, तरी सगळ्यात गाजलेलं गाणं वगळलं. चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची, त्यातली तीन तर मीट पपेट्स या बँडची, आणि त्या बँडचे कर्कवुड बंधू स्वतः साथीला. कुठल्या चॅनेलवाल्याला हे रुचलं असेल? शिवाय ड्रमर डेव्ह ग्रोल, जो एरवी ड्रम फोडायलाच बसल्यासारखा वाजवतो, तो इथे ब्रश घेऊन इतका हलका वाजवतो की चेलो स्वच्छ ऐकू येतो.

मंचावरच्या सजावटीतल्या लिलीची फुलं, काळ्या मेणबत्त्या वगैरेंवर बरंच लिहून झालंय. अल्बम आला नोव्हेंबर १९९४ मध्ये, कोबेन एप्रिलमध्येच गेला होता. त्यामुळे आपण तो शोकसभेसारखा ऐकतो. एकदा ते विसरून ऐका. गाण्यांच्या मधल्या गप्पांमध्ये तो चक्क विनोद करतोय.