निवडुंगाशी जुळता जुळता

प्रेमभंगाचे दुःख चारचौघांत सांगायचे, तर समोरच्या पक्षाचे नाव, वय आणि एकूण स्वभाव यांबद्दल दोन शब्द तरी बोलता आले पाहिजेत. माझी पंचाईत अशी की माझ्या बाबतीत समोरचा पक्ष कुंडीत होता. तो एका विनोदी डेटिंग सिममधला, म्हणजे प्रेम जुळवण्याच्या संगणकी गेममधला, निवडुंग होता, त्याला डोळे दोन आणि भुवई एकच होती, आणि आमचे प्रकरण जेमतेम पाऊण तासात आटोपले. हे सांगितल्यावर लोक विचारतात, "पाऊण तासात माणूस गुंततो तरी किती?" गेम करणाऱ्यांनी हाच प्रश्न स्वतःला वेळेवर विचारला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता.

ज्यांच्यावर हा प्रसंग कधी आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेटिंग सिममध्ये पडद्यावर एक पात्र उभे राहते, खालच्या चौकटीत त्याचे बोलणे अक्षरा-अक्षराने उमटते, आणि मग आपल्यापुढे दोन-तीन उत्तरे मांडली जातात. योग्य उत्तर निवडले की त्या पात्राच्या मनातला जिव्हाळा वाढतो, आणि बऱ्याच गेममध्ये तो किती वाढला हे एका मापकावर दिसतेही. आपल्या शेवटच्या वाक्याने समोरच्याचे प्रेम किती अंशांनी घसरले हे ताबडतोब दाखवणारी अशी सोय प्रत्यक्ष आयुष्यात नाही, आणि नाही तेच बरे, कारण बरीचशी लग्ने पहिल्याच संध्याकाळी तो आकडा पाहून मोडली असती.

हा प्रकार जपानात रुजला आणि तिथे तो थट्टेवारी नेण्याचा विषय नव्हता. कोनामी या जपानी गेम-कंपनीचा 'तोकिमेकी मेमोरियल' हा गेम १९९४ साली आला. त्यात शाळेची तीन वर्षे काढावी लागतात. अभ्यास, व्यायाम, कला, पेहराव या सगळ्यांचे आकडे सांभाळावे लागतात, आणि एवढे करून पदवीदानाच्या दिवशी एका विशिष्ट झाडाखाली कुणी तरी येऊन प्रेमाची कबुली देईल की नाही याची वाट पाहावी लागते. शिवाय ओळखीच्या एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष झाले, तर तिच्या नावापुढे बाँबचे चिन्ह येते. तो बाँब फुटला की बाकीच्या मुलींच्या मनातूनही आपण उतरतो. नाराजी एका व्यक्तीपुरती राहत नाही, ती ओळखीच्या वर्तुळात पसरते, हे इतक्या नेमकेपणाने समाजशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचितच मांडलेले असेल. याच कंपनीचा २००९ सालचा 'लव्हप्लस' आणखी पुढे गेला. तिथे प्रेमाची कबुली मिळाल्यावर गेम संपत नाही, तर खरे प्रकरण तिथूनच सुरू होते, आणि ते यंत्रातल्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे आपल्याच दिवसरात्रीच्या हिशेबाने चालते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एका जपानी गृहस्थाने त्यातल्या नायिकेशी समारंभपूर्वक विवाह केला. त्याला हसणाऱ्यांत तेव्हा मीही होतो. आता निवडुंगानंतर मी त्या विषयावर मत देत नाही.

इतकी जबाबदारी पेलण्याची माझी तयारी नव्हती. म्हणूनच मी मुद्दाम विनोदी आणि छोटा गेम शोधत होतो, आणि या विनोदी शाखेबद्दल माझे मत चांगले होण्याला एक भक्कम कारण होते. 'हातोफुल बॉयफ्रेंड' नावाचा एक जपानी गेम आहे. त्यात कबुतरांच्या शाळेत शिकणारी एकमेव मानवी विद्यार्थिनी म्हणून आपल्याला वावरावे लागते आणि वर्गमित्रांपैकी एखाद्या कबुतरावर जीव जडवावा लागतो. २०११ सालच्या एप्रिल फूलची गंमत म्हणून त्याचा जन्म झाला. परंतु गंमत करणाऱ्या लेखिकेने तिथे अंग झटकले नाही. तिने कबुतरांना स्वभाव दिले, भूतकाळ दिला, दुःख दिले, आणि सगळ्यांशी जुळवून झाल्यावरच उघडणारे असे एक लांबलचक कथानक आत दडवून ठेवले की ते वाचताना समोर कबुतर आहे हे माणूस विसरतो. मग २०१४ साली तो नव्या स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाला. विनोदाची कल्पना जितकी अचाट, तितके तिच्यावरचे लेखकाचे इमान पक्के लागते, हे त्या कबुतरांनी मला शिकवले होते. इतकेच काय, तळलेल्या कोंबडीच्या एका जगप्रसिद्ध साखळीने २०१९ साली आपल्या दाढीवाल्या संस्थापकालाच नायक करून फुकट वाटलेल्या डेटिंग सिममध्येही पाकशाळा, सहाध्यायी आणि एक श्वान प्राध्यापक एवढा बंदोबस्त होता. ती उघडउघड जाहिरात होती. माझ्या गेमला विकायला स्वतःशिवाय दुसरे काहीही नव्हते, तरी त्याची तयारी त्या जाहिरातीहून कमी निघाली.

आता त्या गेमविषयी. उपवरांची यादी चार जणांची होती: एक रक्तपिपासू दंतवैद्य, एक बोलकी लिफ्ट, हिशेब अपुरे ठेवून वारल्यामुळे मुक्ती न मिळालेला एक लेखापालाचा आत्मा, आणि निवडुंग. दंतवैद्याचा विनोद त्याच्या व्यवसायातच संपला होता. लिफ्ट सदैव चढउताराविषयी बोलत असे, आणि तिचे पहिले वाक्य ऐकल्यावर उरलेली सर्व वाक्ये कोणालाही आपली आपण रचता आली असती. लेखापालाबद्दल मला थोडी सहानुभूती वाटली, पण मेल्यावरही जो पावत्या मागतो त्याच्याशी संसार मांडणे अवघड आहे.

निवडुंग मात्र बोलत नसे. त्याच्या संवादाच्या चौकटीत फक्त टिंबे उमटत, आणि त्या टिंबांची संख्या दर वेळी वेगळी असे. पहिल्या भेटीत आपल्यापुढे दोनच पर्याय येत: पाणी घालावे किंवा घालू नये. मी अर्थातच पाणी घातले, मापक घसरला, निवडुंगाची एकुलती एक भुवई खाली आली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की इथे काहीही न करणे हेच खरे आराधन आहे. समोरच्यासाठी सतत काही तरी करत राहण्याच्या धडपडीला प्रेम म्हणण्याची आपल्याला सवय असते; इथे मात्र हात आवरण्यालाच गुण होते. दुसऱ्या भेटीत मी पाणी घातले नाही, मापक किंचित वर सरकला आणि चौकटीत एक टिंब जास्त उमटले. मी खरे सांगतो, त्या जादा टिंबाने मला जो आनंद झाला तो दंतवैद्याच्या पानभर कवितेनेही झाला नव्हता. ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस सामान्य नव्हता, आणि म्हणूनच पुढे त्याने जे केले ते मला अधिक झोंबले.

तिसऱ्या भेटीत पार्श्वसंगीत बदलले, खिडकीतून संध्याकाळचा प्रकाश आला, निवडुंगाच्या माथ्यावर एक कळी दिसू लागली, आणि माझ्यापुढे तीन पर्याय आले. पहिले दोन थिल्लर होते. तिसरा होता: 'मी थांबतो.' या गेममध्ये आता काही तरी घडणार याची खात्री पटून मी पाठ ताठ करून बसलो आणि तिसरा पर्याय निवडला. त्यावर पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य आले: 'तुम्ही एका झाडाशी बोलत आहात, हे लक्षात आहे ना?' पाठोपाठ मागे ध्वनिमुद्रित हशा पिकला आणि निर्मात्यांची नावे वर सरकू लागली.

मला हसण्याबद्दल आक्षेप नाही. समोर झाड आहे हे मला पहिल्या क्षणापासून माहीत होते. किंबहुना ते विसरण्यासाठीच मी पैसे मोजले होते. रंगात आलेल्या नाटकात विंगेतून कोणी डोके बाहेर काढून 'राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा आहे बरे का' असे ओरडावे, तसा हा प्रकार होता. आणि असे ओरडणाऱ्याला आपण फार मोठे रहस्य फोडले असे वाटत असते, हे त्यातले सर्वांत केविलवाणे. खेळणाऱ्याने मन लावले की त्याच क्षणी त्याची टर उडवायची, हा विनोद लिहायला सोपा असतो, कारण त्यानंतर पुढचे काही लिहावेच लागत नाही.

तरीही मी गेमला संशयाचा फायदा दिला, कारण जाहिरातीत 'अनेक शेवट' असे शब्द होते. या जातीच्या गेममध्ये एक उपयुक्त सोय असते: आधी वाचून झालेला मजकूर यंत्र भरभर पुढे ढकलते आणि नवीन वाक्य आले की आपोआप थांबते. ही सोय फार प्रामाणिक असते. लेखकाने खरोखर किती लिहिले आहे हे तिच्यापासून लपत नाही. मी दुसऱ्यांदा खेळायला बसलो, मुद्दाम सगळी उलटी उत्तरे दिली, आणि मजकूर सुसाट धावू लागला. लिफ्टला मी 'तुझ्यावाचून करमत नाही' म्हटले काय आणि 'मी जिन्याने जाईन' म्हटले काय, ती दोन्ही वेळा लाजून तेच वाक्य म्हणाली. यंत्र थांबले ते जवळजवळ अगदी शेवटी, आणि तिथे नवीन होते ते एक चित्र: तोच निवडुंग, त्याच कुंडीत, डोक्यावर टोपी घातलेला.

यामागची अडचण मला कळते. प्रत्येक वळणावर दोन पर्याय ठेवले आणि अशी दहा वळणे आली, तर १०२४ वेगवेगळ्या कथा लिहाव्या लागतील. कोणताही लेखक असे लिहीत नाही, आणि म्हणून वाटा फुटतात त्या थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणल्या जातात. ही या कलेतली मान्य लबाडी आहे. चांगला लेखक ती करताना निदान एक वाक्य तरी आपल्या उत्तराला उद्देशून खर्च करतो. नंतर कधी तरी, आपण विसरून गेल्यावर, एखादे पात्र 'तेव्हा तू असे म्हणाला होतास' अशी आठवण काढते, आणि तेवढ्यावर आपण हजार वाटांचा भास गोड मानून घेतो. इथे मात्र मला एकानेही माझ्या बोलण्याची आठवण करून दिली नाही. लेखापालाच्या आत्म्यानेही नाही, आणि त्याचा तर धंदाच नोंदी ठेवण्याचा.

छोटेपणाबद्दलही माझी तक्रार नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे, कारण माझ्या या मतावर लोक हटकून 'मग मोठा गेम घ्यायचा होता' असे सुनावतात. पाऊण तासात पुष्कळ काही होऊ शकते. या गेमने त्यातला बराचसा वेळ लिफ्टच्या कोट्यांवर घालवला आणि निवडुंगाच्या वाट्याला तीन भेटी ठेवल्या, हा लांबीचा नव्हे तर वाटणीचा अन्याय आहे. लिफ्ट आणि दंतवैद्य दोघेही काढून टाकून उरलेला सगळा वेळ त्या टिंबांना दिला असता, तर मी आज या गेमची भलावण करत ओळखीच्यांना छळत असतो.

शेवटी मी पैसे परत मागायचे ठरवले. मी तो जिथून घेतला त्या स्टीम नावाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात असा नियम आहे की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याची वेळ दोन तासांहून कमी असताना अर्ज केला, तर परतावा मिळतो. छोट्या गेमच्या निर्मात्यांना हा नियम जाचक वाटतो, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे: गेम पूर्ण अनुभवून, शेवटचे चित्र पाहून, डोळे पुसून खेळणारा आपले पैसे घेऊन चालता होऊ शकतो. त्यामुळे मला थोडे अपराधी वाटत होते, पण निवडुंगाचा तो हशा आठवला की अपराधीपणा ओसरत असे. अर्जातले कारण मी सविस्तर लिहायला घेतले. 'गेम चालत नाही' हे खोटे होते. 'मजा आली नाही' हेही पूर्ण खरे नव्हते, कारण त्या एका जादा टिंबापुरती मजा आली होती. मग मी मुद्देसूद निवेदन तयार करू लागलो, आणि त्यात अवतरणे बिनचूक असावीत म्हणून गेम शेजारच्या खिडकीत उघडाच ठेवला. दंतवैद्यावर एक परिच्छेद झाला, लिफ्टवर दीड झाला, निवडुंगावरचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा खोडून लिहिला, कारण तो अर्ज वाटावा अशी अपेक्षा होती आणि तो वारंवार पत्राच्या वळणावर जात होता. निवेदन मनासारखे जमल्यावर मी अर्ज दाखल केला आणि तो नामंजूर झाला.

नोंदीनुसार माझी खेळण्याची वेळ दोन तासांच्या पुढे गेली होती. त्यातला मोठा भाग निवडुंगाने गेमच्या सुरुवातीच्या पडद्यावर माझी वाट पाहण्यात घालवला होता आणि त्या सगळ्या वेळात मी त्याला थेंबभरही पाणी घातले नव्हते. मापक मात्र होता तिथेच होता.